काळजाची रेघ

ईसीजी हा शब्द आता आपल्या घराघरांत बीपी आणि शुगरइतकाच रुळला आहे. सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात, आईच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी ती गुलाबी चौकटींची पट्टी घडी करून ठेवलेली असते. डॉक्टर ती उलगडतात, दोन मिनिटं निरखून बघतात आणि आपण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. त्या वेड्यावाकड्या रेघेत काय लिहिलंय ते आपल्याला कळत नाही. पण त्यात आपल्या माणसाचं काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय एवढं मात्र कळतं.

ही रेघ वाचायला जगाला कुणी शिकवलं, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. बल्बवाला एडिसन आपल्याला माहीत असतो, टेलिफोनवाला बेल माहीत असतो. पण ज्याच्यामुळे आपल्या काळजाचं बोलणं कागदावर उमटलं, त्या विलेम आइंथोवेनचं नाव शाळेच्या पुस्तकात सहसा भेटत नाही. म्हणून म्हटलं, आज त्यांच्याविषयीच बोलूया. आणि बोलण्याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच.

मैत्रिणींनो, हा माणूस मूळचा हॉलंडचा. पण जन्मला आपल्या आशियातच. आजच्या इंडोनेशियातल्या जावा बेटावर सेमारांग नावाचं बंदराचं शहर आहे, तिथे 21 मे 1860 रोजी. तेव्हा आपल्याकडे जसं इंग्रजांचं राज्य, तसं तिकडे डचांचं. विलेमचे वडील याकोब आधी लष्करात डॉक्टर होते, मग त्याच शहरात डॉक्टरकी करू लागले. आई लुईसा ही बड्या सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. घरात तीन मुलगे आणि तीन मुली. विलेम तिसरं अपत्य, आणि मुलग्यांमध्ये थोरला.

विलेम सहा वर्षांचा असताना वडील गेले. सहा लेकरं पदरात, आणि हॉलंड हजारो मैल दूर. लुईसाबाईंनी चार वर्षं तिथेच काढली. मग 1870 मध्ये सहाही मुलांना घेऊन त्या बोटीनं निघाल्या आणि हॉलंडमधल्या उट्रेक्ट शहरात येऊन राहिल्या. आइंथोवेनच्या चरित्रात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. नवऱ्यामागे सहा मुलांना घेऊन समुद्र ओलांडणं, नव्या गावात बिऱ्हाड मांडणं, सगळ्यांच्या शाळा बघणं... हे काय असतं ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. उद्या नोबेल मिळवणाऱ्या मुलाच्या पायाखालची पहिली वीट त्या बाईनं रचली, एवढं तरी आपण म्हणायला हवं.

मुलानं बापासारखं डॉक्टर व्हायचं ठरवलं. 1878 मध्ये विलेम उट्रेक्टच्या विद्यापीठात वैद्यकीला दाखल झाला. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून त्यानं लष्कराची शिष्यवृत्ती घेतली होती. तिची अट अशी, की पुढे जावाकडे जाऊन लष्करी डॉक्टर म्हणून नोकरी करायची.

हा विद्यार्थी काही पुस्तकातला किडा नव्हता हं. व्यायामशाळा, तलवारबाजी, नाव वल्हवणं, सगळ्यात पुढे. विद्यार्थ्यांचा नौकानयनाचा क्लब सुरू करणाऱ्यांत तोही होता. एकदा पडून त्याचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून घरी बसायची वेळ आली. दुसरा कुणी कंटाळला असता. हा मात्र आपल्याच हाताकडे बघत बसला. तळहात वर-खाली फिरवताना कोपरात आणि खांद्यात नेमकं काय घडतं, याचा विचार करता करता त्यानं कोपराच्या सांध्यावर अभ्यासच लिहून काढला! आपल्या शरीरात जे रोज घडतं त्याकडे नवलानं बघायची ही सवय पुढे आयुष्यभर टिकली.

1885 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि लगोलग लायडन विद्यापीठात शरीरशास्त्राच्या प्राध्यापकपदाची जागा चालून आली. वय अवघं पंचवीस! लष्कराची नोकरी काही झाली नाही. शिष्यवृत्तीचे पैसे परत करून त्यांनी ते बंधन सोडवलं. 1886 मध्ये त्यांनी मामेबहिणीशी, फ्रेडरिक द फोगेलशी लग्न केलं. आपल्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करतात, तसंच की हे. पुढे त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. लायडन हे शहर आणि तिथली प्रयोगशाळा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हृदय आणि वीज यांचा संबंध काय?

आपलं हृदय म्हणजे स्नायूंची पिशवी. ती आवळते आणि सैल होते, तेव्हा रक्त पुढे ढकललं जातं. पण आवळायची आज्ञा कुणीतरी द्यावी लागते ना? ती आज्ञा हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून निघते, अगदी बारीकशा विजेच्या लहरीच्या रूपात. ती वरच्या कप्प्यांतून खाली पसरते, मध्ये क्षणभर थांबते, मग खालच्या मोठ्या कप्प्यांत शिरते. दर ठोक्याला हेच. शरीरात सगळीकडे खारट पाणी असल्यामुळे या लहरीचा अंश थेट कातडीपर्यंत पोचतो. पण किती? व्होल्टचा साधारण हजारावा भाग. आपल्या टॉर्चमधला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून कल्पना करा.

प्राण्यांच्या हृदयात वीज असते हे एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांना कळलं होतं. माणसाच्या हृदयाची वीज छाती न उघडता, नुसती कातडीवरून सर्वांत आधी टिपली ती लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञानं, 1887 मध्ये. या वॉलरसाहेबांचा जिमी नावाचा एक बुलडॉग होता. लोकांना प्रयोग दाखवायचा असला की ते जिमीचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याला उभं करायचे. पुढे कुणीतरी कुत्र्याचा छळ होतो म्हणून तक्रार केली आणि प्रकरण थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं! जिमीला मात्र मिठाच्या पाण्यात पाय बुडवण्यापलीकडे काही सोसावं लागत नव्हतं.

पण गंमत बघा, खुद्द वॉलरना सुरुवातीला वाटत नव्हतं, की याचा दवाखान्यात फारसा उपयोग होईल. कारण त्यांचं यंत्र फार मंद होतं. काचेच्या केसासारख्या बारीक नळीत पारा, आणि विजेच्या लहरीनं तो किंचित वर-खाली व्हायचा. त्याची सावली हलत्या फोटोच्या काचेवर पाडायची. पारा जड. लहर येऊन निघून जायची तरी तो हलतच राहायचा. म्हणजे समोरचा माणूस भरभर बोलतोय आणि लिहून घेणारा अडखळतोय, अशातली गत.

आइंथोवेननी हेच यंत्र हाती घेतलं. त्यांची प्रयोगशाळा जुन्या इमारतीत. बाहेर दगडी रस्ता. घोडागाडी गेली की जमीन थरथरायची आणि पारा नाचायचा. त्यांनी जमिनीत खोल खड्डा खणून त्यात मोठाले दगड बसवले, यंत्र त्यावर ठेवलं. तरी थरथर काही थांबेना. तेव्हा त्यांनी गणिताचा आधार घेतला. पारा किती मागे पडतो याचा हिशेब मांडून, चुकीच्या रेघेवरून खरी रेघ कशी असेल ते काढलं. एकेका ठोक्यासाठी तासन् तास आकडेमोड. 1895 मध्ये त्यांनी त्या रेघेतल्या पाच चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली. आज आपल्या तालुक्याच्या डॉक्टरपासून न्यूयॉर्कच्या तज्ज्ञापर्यंत सगळे हीच पाच अक्षरं वापरतात. पी म्हणजे वरचे कप्पे जागे झाले. क्यू, आर, एस म्हणजे खालच्या कप्प्यांना आज्ञा पोचली, तो उंच टोकदार मनोरा. आणि टी म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी हृदय पुन्हा तयार झालं.

पण दर पेशंटमागे कोण एवढी गणितं करणार? त्यांना असं यंत्र हवं होतं, जे आपणहून खरी रेघ काढेल. त्यासाठी पाऱ्याऐवजी काहीतरी अगदी हलकं पाहिजे होतं. त्यांनी निवडला क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या काचेचा धागा. तो काढायची रीत ऐका. गारगोटीचा तुकडा आगीत वितळवायचा, बाणाला जोडायचा आणि धनुष्यानं बाण सोडायचा! बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मागे धागा खेचला जायचा. पुरणपोळी ताटात पडताना तुपाची धार ओढली जाते ना, तसा. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग, एवढाच जाड. केसाहून कितीतरी पट बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. त्यावर चांदीचा मुलामा द्यायचा आणि मोठ्या विद्युतचुंबकाच्या मधोमध तो ताणून बसवायचा. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा किंचित सरकतो. प्रखर दिव्यानं त्याची सावली सूक्ष्मदर्शकातून शेकडो पट मोठी करायची आणि सरकत्या फोटोच्या काचेवर उमटवायची. झाली रेघ!

1901 मध्ये त्यांनी या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्यावर काढलेले माणसाच्या हृदयाचे आलेखही जगापुढे मांडले. गणितानं काढलेली खरी रेघ आणि यंत्रानं आपणहून काढलेली रेघ, दोन्ही जुळल्या. इतक्या वर्षांच्या आकडेमोडीची ती परीक्षाच होती आणि ते त्यात उत्तीर्ण झाले.

हे यंत्र होतं केवढं? वजन जवळपास 270 किलो, दोन खोल्या व्यापणारं, चालवायला पाच माणसं. चुंबक इतका तापायचा, की त्याला सतत पाण्यानं थंड ठेवावं लागे. पेशंट खुर्चीत बसायचा, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून. आज आपल्या मनगटांना आणि पायांना जे चिमटे लावतात ना, ते त्या मिठाच्या भांड्यांचे वारसदार आहेत बरं का! दोन हात आणि डावा पाय या तीन ठिकाणांहून त्यांनी हृदयाकडे तीन बाजूंनी बघायची पद्धत बसवली. त्या त्रिकोणाला आजही आइंथोवेनचा त्रिकोण असंच म्हणतात.

आता अडचण अशी, की यंत्र प्रयोगशाळेत आणि आजारी माणसं दीड किलोमीटरवरच्या इस्पितळात. पेशंट तिकडून आणणं अवघड आणि यंत्र हलवणं तर अशक्यच. आइंथोवेननी काय करावं? टेलिफोनची तार जोडली! 22 मार्च 1905 रोजी इस्पितळात बसलेल्या माणसाच्या काळजाची रेघ दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत उमटली. हा पहिला माणूस चांगला धडधाकट होता. प्रयोगशाळेतून सायकल मारत तो इस्पितळात गेला होता, म्हणून त्याच्या रेघेतले मनोरे उंच आले असं टिपणही केलेलं आहे. आज आपल्या गावच्या दवाखान्यातून ईसीजीचा फोटो मोबाइलवर शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो आणि पाच मिनिटांत उत्तर येतं. त्याची सुरुवात ही अशी, 1905 मध्ये, टेलिफोनच्या तारेवरून झाली.

मग आला खरा कस. नुसती रेघ काढून काय उपयोग? कुठली रेघ निरोगी, कुठली आजारी, हे कसं ठरवायचं? आइंथोवेननी इस्पितळातले पेशंट एकामागून एक तपासले. कुणाच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला, कुणाचा उजवा, कुणाचे ठोके मध्येच जादा पडणारे, कुणाच्या वरच्या कप्प्यांची आज्ञा खालपर्यंत पोचतच नसलेली. डॉक्टरांनी पेशंटमध्ये जे पाहिलं ते आणि रेघेत जे दिसलं ते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पडताळलं. 1906 मध्ये हे सगळं त्यांनी एका मोठ्या लेखात मांडलं. त्याच वर्षी जर्मनीत म्युनिकला माक्स क्रेमर या शास्त्रज्ञानं असल्याच धाग्याच्या यंत्रावर गर्भवतीच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाची वीजही टिपली. आईच्या मोठ्या मनोऱ्यांच्या मधून मधून बाळाचे इवलेसे मनोरे. वाचताना माझ्या अंगावर काटाच आला.

यंत्राचा धंदा मात्र त्यांना फारसा धार्जिणा नव्हता. म्युनिकच्या एका कारखानदारानं यंत्रं बनवायला घेतली, पण पुढे मोबदल्यावरून बिनसलं. मग इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या कंपनीनं काम हाती घेतलं. ही कंपनी माकडापासून माणूस सांगणाऱ्या चार्ल्स डार्विनच्या मुलाची, होरेस डार्विनची. 1908 पासून तिथली यंत्रं बाहेर पडू लागली. त्यातलं एक घेऊन लंडनच्या टॉमस लुईस या तरुण डॉक्टरानं झपाटल्यासारखं काम केलं आणि नाडीच्या अनियमितपणाची कोडी एकेक करून सोडवली. आइंथोवेननी यंत्र दिलं, लुईसनी ते पेशंटच्या खाटेपर्यंत नेलं. पुढे नोबेलच्या भाषणात आइंथोवेननी लुईसना त्याचं श्रेय मोकळेपणानं दिलं. वॉलरचंही ऋण त्यांनी कधी लपवलं नाही.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं ते दुसरं कारण सांगते.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे लहान गावांमध्ये एक नवीनच शिबिर भरू लागलं आहे. मंगल कार्यालयात किंवा कुणाच्या ओसरीवर एक लॅपटॉप, त्याला जोडलेला धातूचा दांडा. दांडा मिनिटभर मुठीत धरायचा. शरीरातल्या विजेच्या लहरींवरून म्हणे लिव्हर, किडनी, कॅल्शियम, थायरॉइड, हाडं, गर्भाशय, सगळ्याचा रिपोर्ट निघतो. पंचवीस-तीस पानांचा, रंगीत. आणि शेवटी अर्थातच पावडरीचे डबे आणि गोळ्या घ्यायच्या असतात. आमच्या शेजारच्या काकूंनी अशा एका शिबिरात दांडा धरला. रिपोर्टमध्ये हृदय आणि रक्तदाब उत्तम आला. काकूंनी बीपीची रोजची गोळी बंद केली. महिनाभरानं चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं, तर वरचा आकडा दोनशेच्या घरात. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. काकूंना काय बोलणार? यंत्र, कॉम्प्युटर आणि छापील आकडे दिसले की कुणालाही खरंच वाटतं.

आइंथोवेनचं चरित्र वाचल्यावर मला या दांड्याचा जास्तच राग येतो. शरीरातली वीज रोगाचं सांगते, हे अगदी खरं आहे. हृदयाची वीज ईसीजीत दिसते, मेंदूची ईईजीत, स्नायूंची आणि नसांची त्यांच्या वेगळ्या तपासणीत. पण एका अवयवाची एक रेघ भरवशाची व्हायला किती वर्षं लागली ते बघा. आधी पाऱ्याशी झुंज, मग गणित, मग गारगोटीचा धागा, मग एकेका पेशंटशी पडताळणी, मग दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांनी पुन्हा पडताळून बघणं. तेव्हा कुठे एका रेघेवर विश्वास ठेवायचं धाडस झालं. आणि मुठीतला दांडा मिनिटभरात सगळ्या शरीराचं सांगतो? मैत्रिणींनो, कुठलंही यंत्र पुढे आलं की एवढंच विचारा, हे कुणी, कुठे, किती पेशंटवर पडताळून पाहिलंय? आणि रिपोर्ट देणाराच औषध विकतोय का? उत्तर सरळ नसेल तर हात मागे घ्या. आणि कुठल्याही शिबिरातल्या रिपोर्टवरून चालू गोळी कधीच बंद करू नका.

खऱ्या ईसीजीचीही मर्यादा आहे, तीही जाणून घ्यायला हवी. तो त्या काही सेकंदांतलं हृदय दाखवतो. ठोके बिघडलेत का, झटका येतोय का किंवा येऊन गेलाय का, याच्या खुणा त्यात दिसतात. पण रक्तवाहिनीत अडथळा असूनही आराम करताना काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो. झटक्याच्या सुरुवातीलाही तो कधी कधी साधा दिसतो. म्हणून छातीत दुखत असेल तर डॉक्टर थोड्या वेळानं पुन्हा काढतात, रक्ताची तपासणी करतात. तेव्हा पहिला नॉर्मल आला म्हणून उठून घरी यायचं नाही. उलट, काहीच त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या बाईनं उगाच दरवर्षी ईसीजी काढण्यात फारसा अर्थ नसतो. मधुमेह, बीपी असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर कधी काढायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणि आता आपल्या मनातलं बोलते. जगभरात बायकांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे आहे. तरी हृदयविकार हा पुरुषांचा आजार, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. बायकांमध्येही छातीत दुखतं, पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम लागणं, कमालीचा थकवा, जबड्यात, पाठीत, खांद्यात कळा, मळमळ, दरदरून घाम असंही होतं. आपण म्हणतो, पित्त झालं असेल. ओवा खातो, सोडा पितो आणि पुन्हा पोळ्या लाटायला उभ्या राहतो.

शिवाय ईसीजीसाठी ब्लाउज उघडावा लागतो, याचा संकोच. सरकारी दवाखान्यात मी कितीतरी जणी पाहिल्या, बीपी आणि शुगरच्या रांगेत पुढे, ईसीजीचं नाव काढलं की मागे. हा संकोच खोटा नाही. पण त्यावर उपाय आहेत. नर्सताईंना बोलवा म्हणून हक्कानं सांगा, पडदा ओढायला सांगा, अंगावर चादर मागा, पुढून उघडणारा ब्लाउज घालून जा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यात शॉक बसत नाही, दुखत नाही. यंत्र आपल्या अंगात वीज सोडत नाही, आपली वीज नुसती ऐकतं. छातीवरचे ते सहा गोळे आइंथोवेनच्या काळी नव्हते, ते त्यांच्या पश्चात आले. पण झटका हृदयाच्या नेमक्या कुठल्या भागाला आलाय, हे ओळखायला त्यांचा फार उपयोग होतो. म्हणून तेवढ्यासाठी मागे हटू नका.

आइंथोवेनना 1924 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते व्याख्यानांसाठी अमेरिकेत होते. बातमी त्यांना तिथेच कळली. त्यांच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. यंत्र घडवताना प्रयोगशाळेतला एक कारागीर वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर राबला होता. बक्षिसाचा वाटा त्याला द्यावा म्हणून त्यांनी शोध घेतला, तर तो कधीच वारला होता. त्याच्या दोन बहिणी मात्र हलाखीत दिवस काढत होत्या. आइंथोवेननी बक्षिसाची निम्मी रक्कम त्या दोघींना दिली. लहानपणी बाप गेलेल्या घरात वाढलेल्या माणसाला, कर्ता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या बायकांचं काय होतं हे वेगळं सांगावं लागलं नसेल, असं मला वाटतं.

शेवटच्या वर्षांत ते मुलाबरोबर एका वेगळ्याच कामात रमले होते. मुलगा विलेम इलेक्ट्रिकल इंजिनिअर. बापलेकांनी तोच बारीक धागा आता दूरवरून येणारे बिनतारी संदेश टिपायला वापरला, आणि हे संदेश येत होते जावाहून! जिथून आई सहा लेकरं घेऊन निघाली होती, त्याच बेटावरून. मुलगा पुढे तिथेच बांडुंगला रेडिओ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. धाकटी मुलगी योहाना डॉक्टर झाली. 29 सप्टेंबर 1927 रोजी लायडनला आइंथोवेन गेले. वय सदुसष्ट.

पाच माणसं आणि 270 किलो लोखंड लागणारं ते यंत्र आज पिशवीत मावतं. आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते बहुधा असतं आणि 108 ला फोन केला तर गाडी दारात येते. यंत्र इतक्या जवळ आलंय. उरलीत ती चार पावलं आपल्यालाच टाकायची आहेत. छातीत, पाठीत, जबड्यात काही वेगळं वाटलं, चार पायऱ्यांत दम लागू लागला, तर पित्त म्हणून झाकू नका. घरात कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा. आणि एक करा, आधीचा ईसीजी काढलेला असेल तर तो जपून ठेवा. नवा काढताना डॉक्टरांना तो दाखवा. आधीची रेघ शेजारी असली की नवीन काय बिघडलं ते त्यांना पटकन कळतं. हां, ईसीजीच्या कागदावरची शाई काही वर्षांत पुसट होते, म्हणून मोबाइलमध्ये एक फोटोही काढून ठेवा. घरातल्या सगळ्यांचा, आणि आठवणीनं स्वतःचाही!